माय म्हणती की

इंग्रजीतल्या अवतरण चिन्हांवरून माझी एक नोकरी गेली. गेली तर गेली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालवीन, आणि ह्या खेपेला दार आपटून बाहेर पडेन. तेव्हा तेवढं राहून गेलं होतं.

हे सांगितलं की लोक हसतात. चार रेघोट्यांवरून कुणी नोकरी घालवतं का, म्हणतात. मी म्हणते, घालवतं. त्या रेघोट्यांच्या आत कुणाचं तरी तोंड असतं, आणि दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा कुणाला परवाना दिलेला नाही. पण हे मला एका दिवसात कळलेलं नाही, त्यामुळे सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मी देगलूरची. अब्बांचं शिवणकामाचं दुकान बाजारात होतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि सरहद्दीपलीकडून कपडा घेऊन आलेल्यांशी तेलुगू. तिन्ही भाषांत एक गोष्ट सारखी होती. कुणी काय म्हणालं ते सांगायचं झालं तर त्याचं वाक्य जसंच्या तसं उचलायचं, आणि शेवटी एक शब्द ठेवून द्यायचा, की हे त्याचं बोलणं बरं का, माझं नव्हे. दखनीत “मैं कल आतूं बोलके बोला.” तेलुगूत वाक्य संपलं की “अनि”. मराठीत “उद्या येतो म्हणून म्हणाला.” नाहीतर आधीच “की” लावून टाकायचं, “तो म्हणाला की मी उद्या येतो.” आता ह्यातला “मी” कोण? सांगणारा की येणारा? दुकानात बसलेल्या कुणालाही विचारा, येणारा. अब्बांच्या दुकानात उधारीवरून भांडणं झाली, काज-बटनावरून झाली, पण “मी म्हणजे कोण” ह्यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

हीच सवय घेऊन मी नांदेडला कॉलेजात गेले आणि इंग्रजीच्या पेपरात लिहिलं, ही सेड दॅट, “आय अ‍ॅम कमिंग.” प्राध्यापकांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, “‘दॅट’ आलं की हे उलटे कॉमे नकोत, आणि कॉमे पाहिजेत तर ‘दॅट’ला हाकला. ह्या दोघांचं एका घरात जमत नाही.” इथवर ठीक होतं. शिकवणं त्यांचं कामच होतं, आणि सांगितलंही छान होतं. पण मग त्यांनी पेपर दोन बोटांत धरला आणि म्हणाले, “हे देगलूरचं इंग्रजी.” वर्ग हसला. हदगावची, बिलोलीची पोरंही हसली, जणू ती लंडनहून आली होती.

मला राग आला की मी गप्प बसत नाही, हे माझ्या अम्मीचं दुखणं होतं. मी उभी राहिले. म्हटलं, “सर, आमच्याकडे ही खूण बोलून लावतात. ज्यांना बोलून लावता येत नाही त्यांना ती लिहून लावावी लागते.” सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. व्हरांड्यात उभी राहून मी ठरवलं, की ह्या खुणांचा असा फडशा पाडीन की परत कुणाची दोन बोटं माझ्या कागदाला लागणार नाहीत. आणि पाडला. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम आत का बाहेर, प्रश्नचिन्ह बोलणाऱ्याचं का सांगणाऱ्याचं, एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं आलं तर आतल्याला एकेरी खूण, सगळं. रागाने शिकलेलं माणूस विसरत नाही.

लातूरला आले ती शिकवायलाच. भूकंपाला बरीच वर्षं झाली होती. औशाकडची, किल्लारीकडची गावं नव्या जागी एकसारख्या घरांच्या रांगांत बसली होती, आणि इकडं शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्ली तिथं क्लास, क्लास तिथं मेस, मेस तिथं वाळत घातलेल्या टॉवेलांची गॅलरी. फिजिक्सवाल्यांचा थाट नवरदेवासारखा. इंग्रजीवाल्यांना वाजंत्र्यांचा मान, म्हणजे लागतात तर खरे, पण जेवायला शेवटच्या पंगतीत. तरी बारावीच्या पेपरात नॅरेशनचा प्रश्न असायचा, म्हणून मला ठेवलं होतं. नॅरेशन म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याने सांगणं. माझा प्रांत.

मी पोरांना एकच गोष्ट घासून घासून शिकवली. दोन कॉमांच्या आत जे आहे ते ज्याचं त्याचं. तिथला काना बदलायचा नाही, मात्रा बदलायची नाही. बदलायचंच असेल तर खुणा काढा आणि आपल्या जबाबदारीवर बोला. उदाहरणं रस्त्यावर पडलेली होती. आमच्या क्लासखालच्या दुकानावर पाटी होती, “शुद्ध” तूप. शुद्धला कॉमे लावलेले. मी पोरांना विचारायची, ह्याचा अर्थ काय? पोरं म्हणायची, लई शुद्ध. मी म्हणायची, नाही, ह्याचा अर्थ असा की तूप शुद्ध असल्याचं दुसरंच कुणीतरी म्हणालंय आणि दुकानदाराने हात वर केलेत. एका टारगट पोराने हे खाली जाऊन दुकानदाराला सांगितलं. दुकानदार पंधरवडाभर माझ्याकडे बघत नव्हता, आणि तूप मी दुसरीकडून आणायला लागले.

त्या पोरांत एक मुलगी होती. औशाच्या पुढच्या एका गावची. तिची आई आमच्या क्लासमागच्या मेसमध्ये चपात्या लाटायची, पोरं तिला मावशी म्हणायची, मीही म्हणायची. बाप पुण्याला कामाला म्हणून गेला तो तिकडंच रमला. भूकंप झाला तेव्हा ही माय लेकीला घेऊन माहेरी गेलेली होती. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. उकडतं म्हणून ह्या दोघी अंगणात झोपल्या आणि म्हातारा-म्हातारी आत, माळवदाखाली. माळवद म्हणजे मातीचं जड छत. ते खाली आलं. मावशी हे कधी रडून सांगत नसे. चपाती उलटता उलटता सांगायची, जसं कुणी कालची भाजी काय होती ते सांगावं.

मुलगी हुशार निघाली. बारावीला क्लासमध्ये पहिली आली. क्लासचे मालक, आम्ही त्यांना डायरेक्टर सर म्हणायचो, त्यांनी हॉल घेऊन सत्कार केला. पोरगी माइकपुढं उभी राहिली आणि आपल्या बोलीत बोलली, “माझी माय म्हणती की माझे मायबाप भूकंपात गेले, आता तूच माझी मायबाप. म्हणून मी शिकले.” हॉलमधल्या सगळ्यांना कळलं. कुणाचे मायबाप गेले, कोण कुणाची मायबाप, एकालाही शंका आली नाही. मावशी तेवढी नव्हती, तिला संध्याकाळच्या चपात्या होत्या.

शंका आली नाही असं म्हटलं खरं, पण हॉलमध्ये डायरेक्टर सरांचा भाचा होता. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेला, जाहिरातीचं काम बघायचा. पोरगा वाईट नव्हता. पण त्याचे कान तिकडचे.

थोड्याच दिवसांत चौकात मोठा बोर्ड लागला. मुलीचा फोटो. त्याखाली इंग्रजीत तिचं वाक्य, “माय पेरेंट्स डाइड इन द अर्थक्वेक. नाऊ यू आर माय पेरेंट्स.” दोन्ही बाजूंना कॉमे, एकेक वांग्याएवढा. खाली मुलीचं नाव. आणि शेजारी डायरेक्टर सर, हात जोडून उभे. म्हणजे “यू” कोण ते विचारायला नको.

मी रिक्षातून जाता जाता तो वाचला आणि रिक्षा थांबवायला लावली. रिक्षावाला म्हणाला, “काय झालं, मॅडम?” मी म्हटलं, “एक बाई मारली ह्यांनी.” त्याने घाबरून इकडंतिकडं बघितलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, “मॅडम, मी असं म्हणले न्हाई.” म्हटलं, “मला माहीत आहे, बाळा. मी होते तिथं.” मग तिने पुढचं सांगितलं, आणि ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मावशीने मेसमधल्या पोरांना विचारलं होतं, माझ्या पोरीच्या फोटूखाली काय लिवलंय. पोरांनी आधी टाळलं. मग एकाने वाचून अर्थ सांगितला. मावशी म्हणाली, दुसऱ्या कुणी लिवलं आसंल, माझी लेक असं बोलायची न्हाई. तर तो शहाणा म्हणाला, “मावशी, दोन कॉमांत हाय. दोन कॉमांत असलं म्हणजे तिचेच शब्द. मॅडमनीच शिकवलंय.” तेव्हापासून मावशी लेकीशी बोलत नव्हती. ताट वाढून ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. शेजारच्या बाईला तेवढं म्हणाली होती, “बरं केलं पोरीनं. चपात्या लाटणारी माय कशाला सांगावी चारचौघांत.”

मुलगी समजवायला गेली की माय उठून जायची. कुणाची चूक, कुणाला शिक्षा, आणि वर साक्षीला माझा नियम. मी तशीच डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेले. भाचाही तिथंच होता.

मी विचारलं, “तिच्या वाक्यातलं ‘माय म्हणती की’ कुठं गेलं?”

भाचा म्हणाला, “ते मी काढलं, मॅडम. तुमच्याकडे लोक उगीच वाक्यात ‘म्हणे’, ‘म्हणती’ घालतात ना? मला वाटलं बोलायची लकब आहे.”

लकब. अख्खी जिती माय ह्याला लकब वाटली. मी कागद ओढला आणि लिहून दाखवलं, माय मदर सेज, मग स्वल्पविराम, मग कॉमे सुरू. म्हटलं, “हे तीन शब्द परत आणा आणि कॉमे आईच्या बोलण्याला लावा. मग मेलेले आजी-आजोबा होतात, ‘यू’ म्हणजे मुलगी होते, आणि आई जिवंत राहते.” पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सॉरी मॅडम,” म्हणाला. त्याचं मला काही म्हणायचं नाही, त्याने चूक कबूल केली.

डायरेक्टर सर मात्र आमच्याच मातीतले. त्यांना “माय म्हणती की” समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण मॅडम, बोर्ड बघून रोज पालक येऊन राहिलेत. सीझन संपला की काढू.”

“तोवर तिची माय मेलेलीच ठेवायची?”

“तुम्ही फार भावनिक होता बघा.”

“मी व्याकरण सांगून राहिले, सर. भावनिक तुमचा बोर्ड आहे.”

ते हसले. व्याकरण वर्गात, जाहिरात बाहेर, असं काहीतरी म्हणाले. मग वर सांगितलं, की रविवारी नव्या पालकांचा सेमिनार आहे, मुलगी दोन शब्द बोलेल, तुम्ही सूत्रसंचालन करा. मुलीची फी त्यांनी माफ केली होती, तिला नाही म्हणता येईना. मला येत होतं. पण मी हो म्हटलं. माइक कुणाच्या हातात असतो ह्याला महत्त्व असतं, हे मी नांदेडच्या व्हरांड्यातच शिकले होते.

तिथून मी मेसमध्ये गेले. मावशी लाटत होती. मी पाट ओढून बसले आणि सगळं सांगितलं. तिने पोळपाटावरची नजर उचलली नाही.

“म्याडम, तुमीच शिकिवलं म्हनं, त्या खुनेत असलं की ते त्याच मानसाचं बोलनं.”

“शिकवलं. नियम खरा आहे, मावशी. बोर्ड खोटा आहे.”

“मंग पोरगी गप का? त्या सरापुढं का न्हाई बोलली?”

फी माफ केलेल्या पोरीला तोंड उघडायला किती जड जातं ते मला कळत होतं, पण ते आईला सांगणं म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट. मी म्हटलं, “रविवारी या. लोकांपुढं तिलाच विचारा.”

“मेलेल्या मानसानं यावं का?”

“यावं,” म्हटलं, “आणि पहिल्या रांगेत बसावं.”

तिने एक चपाती तव्यावर टाकली. मी उठून आले.

रविवारी हॉल गच्च भरला होता. निलंग्याहून, उदगीरहून, पार नांदेडकडूनही आई-बाप पोरं घेऊन आले होते. मी पहिल्या रांगेत एक खुर्ची माझी पर्स ठेवून धरली होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात मावशी आली. लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसून आली होती, पदर घट्ट खोचलेला. पर्स उचलून माझ्या हातात दिली आणि बसली. स्टेजवर मुलगी होती. तिने आईला पाहिलं आणि हातातला कागद खाली केला.

डायरेक्टर सर बोलायला उठले. बोलायचे छान, त्यात खोट काढायची नाही. धरणीकंप, अंधार, एक चिमुरडी, असं करत करत मुलीकडे हात करून म्हणाले, “ह्या लेकीला ना आई राहिली, ना बाप. तिला आधार कुणी दिला?” बायका डोळे पुसायला लागल्या.

पहिल्या रांगेतून आवाज आला, “कोन मेलं म्हनला, सर?”

हॉल वळून बघायला लागला. सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, की हिला बसव. मी दुसरा माइक उचलला, स्टेजवरून उतरले आणि मावशीच्या हातात दिला. माझी नोकरी गेली ती त्या चार पायऱ्यांवर. निरोप दुसऱ्या दिवशी आला, एवढंच.

मावशीने माइक लाटण्यासारखा दोन हातांत धरला. म्हणाली, “माझे मायबाप मेले. माळवदाखाली. म्या हिला घिऊन भाइर झोपले हुते, म्हनून हाव. त्यांना म्या रडले. ते रडनं माझं हाय, सर. ते हिच्या तोंडात कुनी घातलं?”

सर गडबडले, पण क्षणभरच. एवढे क्लास चालवणारा माणूस, त्याला सावरता येतं. हात पसरून म्हणाले, “ही माउली! आमच्या मेसमध्ये लेकरांना प्रेमाने जेवू घालते. आमच्या गुणवंत मुलीला ही अगदी आईसमान आहे!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय करावं ह्या लोकांना. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मावशी माइक घेऊन टाळ्यांत तशीच उभी. आजवर मेलेली होती, आता समान झाली. मला वाटलं, संपलं, मीच ह्या बाईला आणून उभं केलं आणि हिची परत एकदा पुसणी झाली. मी स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला, वर जाऊन बोलायचं म्हणून.

माझ्या आधी मुलगी उठली. सरांच्या पुढ्यातला माइक तिने स्टँडसकट आपल्याकडे ओढला. तो किंचाळला, टाळ्या थांबल्या. तिच्या हातात इंग्रजीत लिहून दिलेला कागद होता, तो तिने बघितलाच नाही.

“समान न्हाई,” ती म्हणाली. आवाज फाटला. परत म्हणाली, मोठ्याने, “समान न्हाई. आई हाय ती माझी. त्या बोर्डावर मी बोलले न्हाई. ही माझी आई हाय. आई हाय ही माझी.” ती थांबेचना. हॉलच्या चारी कोपऱ्यांतले भोंगे तेच एक वाक्य ओरडत होते, आणि सर माइकची वायर शोधत होते.

मग मावशीने आपल्या हातातला माइक तोंडाजवळ नेला. बोर्ड लागल्यापासून ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती.

“वरडू नगंस येवढं,” ती म्हणाली. “आलं मला ऐकू.”